जे स्थिर बसले, ते उरले

पत्र आणि पेटी

संपादकांचे पत्र आषाढात आले. यंदाच्या अंकाचा विषय गावाची स्मृती असा योजिला असून, एखाद्या लहान शहराचा भूतकाळ केवळ जुन्या छायाचित्रांवरून वाचता येतो काय, हे आपण प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि जे दिसेल ते सावकाश लिहावे, एवढाच मजकूर त्यात होता. मी वाई निवडली, आणि ती निवडण्याचे कारण थोडे उफराटे होते. या गावाच्या भूतकाळाला कागदपत्रांची वानवा कधीच नव्हती. गोपिकाबाईंच्या रूपाने पेशव्यांच्या घरात लेक दिलेल्या रास्त्यांनी येथे देवळे आणि वाडे उठविले. नदीकाठाने थोड्याच अंतरावर असलेल्या मेणवलीत नाना फडणविसांनी वाडा बांधला आणि त्यांच्या दफ्तराला त्या गावाचेच नाव चिकटले. प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी वेदान्त शिकावयास तरुण विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा काढून आले. आणि पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा सारा प्रपंच याच गावात मांडला. ज्या गावाची हकीकत इतक्या समर्थ हातांनी लिहून ठेविली, तिच्यात चार पिवळ्या पडलेल्या फोटोंनी कोणती भर घालावी, हा प्रश्न मनाशी धरून भाद्रपदातल्या एका भिजट सकाळी मी गणपती आळीतल्या एका जुन्या घराची पायरी चढलो.

घरधनी निवृत्त शिक्षक; अवघी आळी त्यांना नुसते ‘मास्तर’ म्हणते. त्यांनी माळ्यावरून पत्र्याची एक पेटी खाली घेतली, झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा वास ओटीभर पसरला, आणि जुन्या पंचांगांच्या पानांत गुंडाळलेले फोटो एकेक करून सतरंजीवर मांडले जाऊ लागले. त्यांतला सर्वांत मोठा, जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला फोटो वाड्याच्या चौकात काढलेला होता: मधल्या खुर्च्यांवर पगडी बांधलेले दोन वृद्ध, दोहो बाजूंना उपरणी घेतलेले पुरुष, पुढे जाजमावर मांडी घालून बसलेली टोपीवाली मुले, आणि मागे खांबाला लागून उभ्या तीन स्त्रिया. पुठ्ठ्याचा एक कोपरा कसरीने खाल्ला होता, आणि तारीख बहुधा त्याच कोपऱ्यात असावी. तेव्हा काळाचा अदमास इतर खुणांवरूनच करावा लागला. चौकात विजेची तार नाही, वडीलधाऱ्यांच्या डोक्यावरची पगडी मुलांच्या डोक्यावर उतरलेली नाही, आणि एका काकांच्या छातीवर घड्याळाचा छडा लोंबतो आहे. एवढ्यावरून विसाव्या शतकाचे पहिले दशक म्हणावयास हरकत नव्हती.

मास्तरांच्या वडील भगिनी नव्वदीच्या घरात आहेत; त्यांना सगळे अक्का म्हणतात. फोटोतल्या एकाही माणसाला त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नाही, तरी आईच्या तोंडून ऐकलेली नावे त्या बोट ठेवून बिनचूक सांगत गेल्या. बोट उजव्या कडेला आले आणि तेथे थबकले. त्या कडेला एक राखाडी पट्टा होता, धुरासारखा, खालून वर विरत गेलेला. भिंग लावून पाहिले तेव्हा धुराच्या तळाशी एक पाऊल निघाले. ते मात्र स्पष्ट होते: अनवाणी, रुंद, टाच भेगाळलेली, आणि अंगठा फरशीत रुतवून टेकलेले.

“ही कोण हो, अक्का?”

“ती होय? ती कुणी नव्हे. आई म्हणायची, पाणी भरणारी बाई मध्येच चालत गेली न् फोटो बिघडवला.”

उजेडाचा हिशेब

त्या बाईने काय बिघडविले, हे समजण्यासाठी त्या काळच्या यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. छायाचित्रणाची विद्या पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली आणि तिला मुंबईपर्यंत पोहोचावयास फार दिवस लागले नाहीत. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांत गणले गेले. परंतु तेव्हाची काच ओली असे. तिच्यावर रसायन ओतावयाचे, ते वाळण्यापूर्वी चित्र घ्यावयाचे आणि तितक्याच तातडीने ते धुवावयाचे, एवढा खटाटोप तंबू, बाटल्या आणि हमाल बरोबर बाळगणाऱ्यासच परवडे. १८८०च्या सुमारास कारखान्यात तयार होणाऱ्या सुक्या काचा मिळू लागल्या, त्या पेटीत घालून कोठेही नेता येऊ लागल्या, आणि तेव्हाच ही विद्या तालुक्याच्या गावांकडे वळली. लग्न, मुंज, बढती, यात्रा अशी निमित्ते पाहून फिरते छायाचित्रकार गावोगाव उतरू लागले.

तरीही काच मंदच होती. वाड्याच्या चौकात उजेड वरून येई आणि खांबांत अडे. मागच्या रांगेपर्यंत सगळे चेहरे रेखीव यावेत म्हणून भिंगाचे तोंड बारीक ठेवावे लागे. मग तिपाईवरच्या पेटीची टोपी हाताने काढून, मनात आकडे मोजून, ती पुन्हा बसविण्यापर्यंत एक, दोन, कधी चार सेकंद जात. जुन्या फोटोला आपण गोठलेला क्षण म्हणतो ते चुकीचे आहे. तो चांगला लांबरुंद अवधी असे, आणि त्या अवधीत जो जितका स्थिर राही तितकाच तो काचेवर उमटे. गावातल्या स्टुडिओत यासाठी मानेमागे टेकावयाची लोखंडी दांडी असे. मास्तरांच्या पेटीतल्या एका लहान फोटोत, रुबाबदार कोट घातलेल्या तरुणाच्या बुटांमागे त्या दांडीचे तीन पाय स्पष्ट डोकावतात, जणू त्याला आणखी कोणी मागे धरून उभे आहे.

आता त्या पाणी भरणाऱ्या बाईची चाल ध्यानात येते. माणूस चालतो तेव्हा त्याचे सारे अंग पुढे सरत असते, परंतु जे पाऊल भुईवर टेकले ते क्षणभर जागचे हलत नाही. मालकांनी श्वास रोखून धरलेल्या त्या दोन-तीन सेकंदांत ही बाई चौकाच्या कडेने निघाली. अंग, डोके, डोक्यावर घागर असेल तर तीही, सारे धूर होऊन गेले, आणि टेकलेले पाऊल तेवढे राहिले. तिला थांबावयास कोणी सांगितले नसावे, किंवा सांगितले असले तरी भरलेली घागर घेऊन थांबणे सोपे नसते. आमच्या भाषेत ऐपत हा शब्द पैशाला लावतात. त्या काचेपुढे ती स्थिर बसण्याची होती.

रिकामा घाट

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एका फोटोची प्रत घेऊन नदीवर गेलो. मूळ फोटो घाटाचा; पूर्वी महाबळेश्वराच्या हवेला जाणारे साहेबलोक पुण्याहून वाईवरून पसरणीचा घाट चढत, आणि कृष्णाकाठची ही देवळे त्यांच्या वाटेतच असल्यामुळे त्यांची चित्रे पुष्कळ निघाली. या चित्रात पायऱ्यांची रांग आहे, ढोल्या गणपतीचे देऊळ आहे, नदी दुधासारखी पांढरी आणि निश्चल आहे, आणि माणूस एकही नाही. अशी चित्रे पाहून आपण उसासा टाकतो की पूर्वी घाट किती शांत, किती निर्मळ होता.

सकाळी सहाच्या सुमारास मी त्याच जागी, शक्य तितक्या त्याच कोनात उभा राहिलो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेले ते देऊळ आजही जागच्या जागी आहे. पुराचे पाणी थडकताच दुभंगून दोहो अंगांनी निघून जावे म्हणून त्याची मागली भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे, आणि फोटोत नुसती गडद सावली म्हणून दिसणारा तिचा निमुळता कोन प्रत्यक्षात हात लावून पाहता येतो. पाण्याची रेषा मात्र तीच राहिलेली नाही. वरच्या अंगाला धोमचे धरण झाल्यापासून नदी पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे वाहते, आणि जुन्या फोटोत उन्हाळ्यात उघडे पडलेले खडक आता कोणत्या महिन्यात दिसतील हे आकाशाकडे पाहून सांगता येत नाही.

पायरीवर बसल्या बसल्या मी मोजीत होतो. स्नानाला आलेले दोन वृद्ध, कपडे आपटणाऱ्या पाच बाया, म्हैस धुणारा एक मुलगा, निर्माल्याची पिशवी घेऊन उतरलेला एक दुकानदार, आणि पायऱ्यांवरून सारखी खालीवर करणारी शाळकरी पोरे. जप करीत बसलेला एक वृद्ध सोडला, तर यांतील एकही माणूस चार सेकंद एका जागी नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या मंद काचेने याच सकाळचे चित्र घेतले असते, तर वृद्धांपैकी जो जप करीत बसला होता तो कदाचित उमटला असता. बाकीच्या साऱ्यांची पायरीवर कोठेतरी पुसट छटा पडली असती, आणि पुढे कोणी लेखकाने त्या छटेला काचेवरचा डाग समजून आजच्या घाटाच्या शांततेवर एक परिच्छेद लिहिला असता.

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी, असे वाईचे सात घाट आणि त्यांच्या सात आळ्या. माघापासून कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीने बसतो. मांडव पडतो, कीर्तने होतात, पंगती उठतात. या उत्सवाचे एक जुने चित्र मला पाहावयास मिळाले. त्यात मांडवाचा कापडी झालर असलेला माथा, पालखी आणि पालखीमागचे चार मानकरी काय ते रेखीव आहेत, आणि त्यांच्या पुढे, जेथे शेकडो माणसे दाटलेली असणार, तेथे नुसते ढवळलेल्या पाण्यासारखे दिसते. ज्यांच्यासाठी उत्सव भरला ते सगळे त्या ढवळणीत आहेत.

नावे आणि मंडळी

मास्तरांकडे परतल्यावर आम्ही फोटो उलटे करून पाहिले. छायाचित्राची खरी जबानी पाठीवर असते. चौकातल्या फोटोच्या पाठीवर बोरूने, मोडीत, पुरुषांची नावे क्रमाने लिहिलेली होती. मोडी मास्तर वाचतात, मला अडखळत येते. प्रत्येक नावापुढे ‘रा. रा.’, मुलांच्या नावांपुढे ‘चि.’, आणि खांबाला लागून उभ्या असलेल्या तीन स्त्रियांसाठी मिळून एकच शब्द होता: ‘मंडळी’. अक्कांना त्या तिघींची नावे ठाऊक आहेत, परंतु ती कागदावर कोठेच नाहीत. अक्कांच्या मागे ती तशीच जातील, म्हणून मी ती तेथल्या तेथे एका चिठ्ठीवर लिहून पुठ्ठ्यामागे खोचून ठेविली.

जे खुर्चीत बसत नव्हते त्यांची चित्रे मुळीच निघाली नाहीत असे मात्र नाही. सरकारने त्यांची चित्रे पुष्कळ काढविली. १८६८ ते १८७५ या काळात लंडनला ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड निघाले. त्यांत हिंदुस्थानभरच्या लोकांची चारशेंहून अधिक छायाचित्रे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांखाली माणसाऐवजी जातीचे किंवा जमातीचे नाव छापलेले आहे. तेथे माणूस नमुना म्हणून स्थिर केला गेला. वाईतल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनीही रोगी, निराधार स्त्रिया आणि पोरकी मुले यांच्याकडे आपले कॅमेरे वळविले. अशी चित्रे समुद्रापलीकडच्या देणगीदारांना पाठवावयाची असल्यामुळे त्यांत दैन्य नीट दिसणे आवश्यक असे. एका बाजूला नावे असलेली आणि सुखवस्तू दिसणारी माणसे, दुसऱ्या बाजूला नावे नसलेली आणि दीनवाणी दिसणारी. या दोहोंमध्ये जे गावाचे खरे चालतेबोलते अंग, न्हावी, परीट, तेली, माळी, घाटावरची बाई, बैलगाडीवाला, त्याला हसत किंवा रागावत, कसेही, नावानिशी बसलेले पाहावयाचे असेल तर आणखी तीस-चाळीस वर्षे पुढे यावे लागते.

टपालाने आलेली माणसे

वाईपासून काही मैलांवरच्या एका वाडीत मी असे एक माणूस पाहिले. शेतकऱ्याचे घर, सोप्याच्या भिंतीवर, शिंकाळ्याच्या वर, खाकी गणवेश घातलेल्या तरुणाचा फोटो. सातारा जिल्ह्याने दोन्ही महायुद्धांत पुष्कळ माणसे पलटणीत धाडली, हे सर्वविदित आहे. परंतु त्या भरतीचा एक उपपरिणाम असा की, ज्या घरांत पूर्वी कोणाचेही चित्र नव्हते तेथे पहिले चित्र टपालाने आले, आणि ते शिपायाचे होते. छावणीजवळच्या स्टुडिओत रांगेने उभे राहून काढलेले, एकाच पडद्यापुढचे, एकाच खुर्चीवर हात ठेवलेले. त्या घरातल्या वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले की आजीला वाचता येत नव्हते, तेव्हा पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे, परंतु फोटो ती स्वतःच वाची. मनगट पाहून म्हणे, पोर वाळलाय.

दुसरे चित्र मुंबईहून येई. घाटावरची माणसे गिरण्यांत आणि गोदीत गेली. भाडोत्री खोलीत दहा-वीस जण वळकट्या पसरून राहिले. आणि पहिला पगार हाती पडला की गावी पाठवावयाच्या मनीऑर्डरीबरोबर एक फोटोही निघू लागला. पडद्यावर रंगविलेली बाग, कधी मोटार, कधी विमान. अंगात स्टुडिओवाल्याचा कोट, कारण तो तेथे खुंटीला टांगलेलाच असे आणि आल्यागेल्याला वापरावयास मिळे. त्या कोटाच्या बाह्या पुष्कळदा बोटांपर्यंत येतात. आपण हसतो; परंतु ज्याच्या बापाची, आज्याची, पणज्याची काचेवर धुरापलीकडे नोंद नाही, तो येथे पाठीला कण्हेरीची रंगीत झाडे घेऊन, पायांत बूट घालून, दोन मिनिटे बसला आहे, आणि त्याला उठ म्हणणारे कोणी नाही.

याच सुमारास फिल्म वेगवान झाली. सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात चित्र निघू लागले, मानेमागची दांडी अडगळीत गेली, आणि तत्त्वतः कोणीही, चालता-चालता, डोक्यावरची घागर न उतरवता, उमटू शकत होते. पण फिल्मला पैसे पडत, आणि पैसे देणारा पुष्कळ काळ खुर्चीतलाच राहिला.

बाजारातला स्टुडिओ

शेवटच्या दिवशी मी बाजारपेठेतल्या एका जुन्या स्टुडिओत गेलो. हल्लीचे मालक तिसऱ्या पिढीचे. मागल्या खोलीचे उत्तरेकडचे मोठे तावदान त्यांनी दाखविले. दिवसभर समान राहणारा, सावल्या न फिरविणारा उजेड म्हणून आजोबांनी ती बाजूच पाहून जागा घेतली होती. आज तावदानाला आतून वर्तमानपत्र चिकटविले आहे. काचांच्या पेट्यांविषयी विचारले तेव्हा ते जरा ओशाळले.

“आजोबांच्या दोन-तीन हजार काचा होत्या. वडिलांनी गरम पाण्यात धुतल्या. मसाला निघून गेला की साधी काच राहते. खिडक्यांना लागल्या, देवांच्या तसबिरींना लागल्या. हायपोतली चांदीसुद्धा तेव्हा विकत असत. घर चालवायचं होतं.”

गावातल्या कितीएक देवघरांत लक्ष्मीच्या किंवा दत्ताच्या पुढे जी काच आहे, तिच्यावर एके काळी कोणाचा तरी चेहरा होता. धुतलेली काच काही सांगत नाही. त्या घरांतले लोक मात्र रोज तिच्यासमोर हात जोडतात.

आम्ही बोलत असता एक बाई आत आल्या. पन्नाशीच्या, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी मतदाराचे ओळखपत्र काढले. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत, १९९३ साली, मतदारांना छायाचित्र असलेली ओळखपत्रे द्यावयाचे ठरले. निवडणूक आयोगाच्या या हुकमाने निवडणुकांचे काय झाले याचा निवाडा इतरांनी करावा, परंतु मला या तालुक्यात अशी अनेक घरे भेटली, जेथल्या स्त्रीचे आयुष्यातले पहिले, आणि कित्येकींचे एकमेव, छायाचित्र त्या हुकमाने निघाले. शाळेच्या व्हरांड्यात पांढरी चादर बांधली, बाकावर एकेकीला बसविले, पुढची या. मामलेदार कचेरीच्या दफ्तरात सात-बारावर नाव नसलेली बाई त्या दिवशी निदान दोन बोटे रुंदीच्या चौकटीत आली. आणि ती वारली की घरच्यांना भिंतीवर लावावयास तेवढेच उरते. तेव्हा ते पत्र घेऊन मुलगी स्टुडिओत येते.

“वर्षश्राद्ध आहे, दादा. आईचा मोठा करून द्या.”

मालकांनी पत्र यंत्राखाली ठेविले; संगणकाच्या पडद्यावर चेहरा ताटाएवढा झाला. खांद्यापाशी चित्र तुटले होते. त्यांनी सवयीने विचारले, पदर कोणत्या रंगाचा घालू. बाई हिरवा म्हणाल्या, मग थोड्या वेळाने म्हणाल्या, नाही, जांभळा, तिच्याकडे जांभळं होतं. मागे आकाश हवे की फुले, हे ठरले. कपाळावर मोठे कुंकू आले. आजोबांच्या वेळी हेच काम काचेवर पेन्सिलीची अणी फिरवून होई; त्याला रिटचिंग म्हणत आणि त्यात हातखंडा असलेल्या माणसाला छायाचित्रकाराइतका मान असे.

चेहऱ्याशी आल्यावर मालक थांबले. फोटो काढला त्या वेळी आई हलल्या होत्या. डाव्या गालाची कड दुहेरी पडली होती, ओठ काही बोलण्याच्या बेतात उघडले होते. बाकावर बसता बसताच, किंवा उठता उठता, ते बटण दाबले गेले असावे.

“हे सरळ करतो, ताई. दोन मिनिटांचं काम आहे.”

बाई पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मला चौकातल्या फोटोच्या उजव्या कडेवरचे ते पाऊल आठवले, परंतु मी काही बोललो नाही.

“राहू द्या तसंच,” त्या म्हणाल्या. “ती कधी एका जागी बसलीच नाही. दोन घरचं पाणी, चार घरची धुणी. सरळ केलीत तर नातवंडं ओळखायची नाहीत.”

मालकांनी मान डोलावली आणि यंत्र सुरू केले. कागद वरून खाली हळूहळू बाहेर येऊ लागला: आधी निळे आकाश, मग कुंकू, मग ती दुहेरी कड. चौकट लाकडी की सोनेरी, एवढे ठरावयाचे राहिले होते.